गुडघ्यातलं पाणी: हाताला न लागलेल्या नमुन्याचा इतिहास

आमच्या मालवणाकडे गुडघ्याला ढोपर म्हणतात. ढोपर सुजलं, टरारलं, मांडी घालता येईना की लोक म्हणतात, ‘ढोपरात पाणी झालां.’ मग डॉक्टर गुडघ्याच्या वाटीच्या कडेने सुई आत घालतात, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढतात आणि पिवळसर पाणी वर चढतं. सोबत आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ह्या पाणी खयसून इला?’ दुसरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्या पाण्याचं पुढे काय होतं?

आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नावर आहे. वरवर पाहिलं तर हा वैद्यकाचा विषय, पण तुम्ही इतिहास, समाजशास्त्र किंवा कुठल्याही विषयात संशोधनाची तयारी करत असाल तरी शेवटपर्यंत वाचा. ‘हे पहिल्यांदा कुणी केलं?’ या प्रश्नापेक्षा ‘हे आधी का झालं नाही?’ हा प्रश्न किती जास्त देतो, ते दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी पाणी म्हणजे काय ते बघू

निरोगी गुडघ्यातही थोडं पाणी असतं. थोडं म्हणजे जेमतेम चमचाभर, साधारण 4 मिलिलिटरपेक्षा कमी. ते हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला वंगण देतं आणि पोसतंही. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर त्याची तार निघते, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने त्याला ‘सायनोव्हिया’ हे नाव दिलं, त्यातही अंड्याचा संबंध आहे असं सहसा सांगितलं जातं.

गुडघा आजारी पडला की हे पाणी वाढतं आणि बदलतं. झिजेच्या संधिवातात ते बहुधा स्वच्छ पिवळं आणि चिकट राहतं. आमवातासारख्या दाहाच्या आजारात ते गढूळ होतं, तार तुटते, पांढऱ्या पेशी हजारोंनी दिसतात. जंतुसंसर्ग झाला असेल तर जवळजवळ पूच निघतो, पेशींची संख्या अनेकदा घन मिलिमीटरला 50,000 च्या वर जाते. आणि गाऊटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिडच्या संधिवातात, पाण्यात सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. प्रकाश एकाच दिशेने कंपन पावेल अशी सोय केलेल्या, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली ते काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात.

बाहेरून हे चारही गुडघे सारखेच सुजलेले दिसू शकतात. उपचार मात्र चार दिशांना जातात. जंतुसंसर्गाचा गुडघा दोन-चार दिवस तसाच राहिला तर सांधा कायमचा जाऊ शकतो, रुग्णही जाऊ शकतो. त्याच गुडघ्याला गाऊट समजून नुसती सूज उतरवायची गोळी दिली तर काय होईल, हे तुम्हीच बघा. म्हणजे पाणी काढून टाकणं वेगळं आणि पाणी वाचणं वेगळं. पहिल्याने आराम मिळतो, दुसऱ्याने निदान होतं.

कोडं

आता काही वर्षं एका खाली एक लिहू.

1679: लेवेनहूक हा डच कापडव्यापारी गाऊटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ आपल्या भिंगाखाली ठेवतो. त्याला बारीक, दोन्ही टोकांना निमुळते कण दिसतात.
1797: वोलास्टन रासायनिक तपासणीने सांगतो की या गाठी युरिक ॲसिडच्या क्षाराच्या आहेत.
1828: विल्यम निकोल ध्रुवित प्रकाश मिळवून देणारा लोलक बनवतो. पुढे दगडांचे पातळ काप तपासणाऱ्या भूशास्त्रज्ञांच्या टेबलावर असे मायक्रोस्कोप नेहमीचे होतात.
1848: लंडनचे आल्फ्रेड गॅरॉड गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड दाखवतात. पुढे ते एक साधी चाचणी देतात: रक्तातला पातळ भाग काचेच्या उथळ बशीत घ्यायचा, थोडं आम्ल घालायचं, एक धागा बुडवून ठेवायचा. एक-दोन दिवसांत धाग्यावर स्फटिक धरतात.
1853: एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि लिऑनचे प्रावाझ, दोघे स्वतंत्रपणे पोकळ सुईची सिरिंज वापरात आणतात.

म्हणजे 1853 पर्यंत सुई आहे, मायक्रोस्कोप आहे, ध्रुवित प्रकाश आहे, स्फटिक ओळखीचे आहेत आणि रोगाशी त्यांचं नातंही माहीत आहे. मग सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक दाखवून त्यावर गाऊटचं निदान करायची पद्धत कधी आली? 1961 मध्ये. फिलाडेल्फियाला, डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांच्या शोधनिबंधातून.

सगळं साहित्य ओट्यावर तयार असून भात शिजायला शंभर वर्षं लागली. का?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं: ‘तंत्रज्ञान नव्हतं.’ वरची वर्षं बघितली की ते कोसळतं. दुसरं उत्तर: ‘कुणाच्या डोक्यात आलं नाही.’ हे उत्तर नाहीच, हा प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडलाय. प्रबंधात असं वाक्य लिहायचा मोह झाला तर पेन खाली ठेवा. तिसरं उत्तर शोधण्यासाठी आपण मुंबईला जाऊ.

मुंबईतला मायक्रोस्कोप

ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झालं. 1858 मध्ये तिथे हेन्री व्हॅनडाइक कार्टर आले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यातली चित्रं कार्टर यांचीच. हात चित्रकाराचा, डोळा मायक्रोस्कोपचा आणि समोर मुंबईच्या रुग्णांची न संपणारी रांग, असा तो योग होता.

त्यांनी कशाकशाकडे बघितलं ते पाहा. 1862 मध्ये त्यांचा दुधी लघवीवर शोधनिबंध आला. काही रुग्णांची लघवी दुधासारखी पांढरी होते, ती का? कार्टर यांचं म्हणणं असं की आतड्याकडून चरबी वाहून नेणारा दुधी द्रव, म्हणजे लसीकावाहिन्यांतला द्रव, वाट चुकून मूत्रमार्गात झिरपतो. 1873 मध्ये मुतखड्यांच्या सूक्ष्मरचनेवर त्यांचं पुस्तक आलं. मुतखडा म्हणजे स्फटिकांचाच कारभार, त्यात युरिक ॲसिडही आलं. 1874 मध्ये पायाला होणाऱ्या बुरशीच्या गाठींवर, म्हणजे मायसेटोमावर, त्यांचा ग्रंथ आला. 1877 च्या तापाच्या साथीत त्यांनी मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू पाहिले.

लघवी, खडा, कापलेला पाय, रक्ताचा थेंब. या यादीत काय समान आहे? हे सगळं शरीर आपणहून देतं किंवा थोडक्यात देतं. लघवी होते. खडा शस्त्रक्रियेत निघतो, कारण तो काढल्याशिवाय रुग्णाला चैन नसते. सडलेला पाय कापावाच लागतो. रक्ताला बोट टोचलं की पुरे. स्फटिक ओळखणारा, दुधी द्रवामागचं कारण शोधणारा माणूस मुंबईत बसला होता, पण त्याची नावाजलेली कामं ज्या नमुन्यांवर उभी आहेत त्यांत गुडघ्याचं पाणी नाही. गुडघा ही बंद खोली आहे आणि तिचं दार उघडण्याची किंमत त्या काळी फार मोठी होती.

मर्म

ही किंमत आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत होती. सुश्रुतसंहितेत गुडघ्याच्या एका सुजेला ‘क्रोष्टुकशीर्ष’ म्हटलंय. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. वर-खाली मांडी-पोटरी बारीक आणि मध्ये फुगलेला, दुखणारा गुडघा, कोल्ह्याच्या डोक्यासारखा. ज्याने असा गुडघा बघितलाय त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. याच संहितेत पोटातलं पाणी (दकोदर) आणि अंडकोशातलं पाणी (मूत्रवृद्धी) टोचून काढायची रीत आहे, त्यासाठी ‘व्रीहिमुख’ नावाचं भाताच्या दाण्यासारख्या टोकाचं शस्त्र आहे. म्हणजे टोचून पाणी काढण्याची कल्पना होती, हत्यार होतं, हातही होता. पण क्रोष्टुकशीर्षाचा उपचार वातरक्ताच्या वाटेने जातो: रक्तमोक्षण, लेप, औषधं.

का? माझं वाचन असं: त्याच संहितेच्या शारीरस्थानात जानु, म्हणजे गुडघा, हे मर्म आहे. त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. जिथे शस्त्र लागू द्यायचं नाही अशा जागांची ती यादी आहे.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती वेगळी नव्हती. सांधा उघडा पडला की पू, मग पाय कापणं किंवा मृत्यू, हा क्रम शल्यवैद्यांना पाठ होता. 1867 मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, त्यानंतर भीती हळूहळू कमी झाली. 1869 मध्ये पॅरिसच्या द्यूलाफुआ यांनी शरीरातले द्रव सुईने ओढून काढायचं उपकरण आणलं आणि त्यांनी ते गुडघ्यांसाठीही वापरलं.

इथे माझ्या मांडणीला पहिला धक्का बसतो आणि तो लपवायचा नाही. 1869 नंतर दार उघडलं, मग 1961 पर्यंत का थांबावं लागलं? कारण सुई आत गेली ती रिकामं करायला. सूज उतरली, रुग्ण चालला, काम झालं. पाणी भांड्यात आणि भांडं मोरीत. शिवाय रोज दहा गुडघे टोचावेत असं कारणच नव्हतं. पाणी काढून आजार बरा होत नसेल आणि संसर्गाची भीती पुरती गेली नसेल, तर शहाणा डॉक्टर हात आखडताच घेणार. नमुना मिळणं शक्य होणं आणि नमुना रोज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुईला कारण मिळालं

कारण मिळालं 1948 नंतर. त्या वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस चालू लागलं. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पण पोटातून किंवा कमरेत दिलेल्या औषधाचे दुष्परिणामही लगेच दिसू लागले. मग 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एव्हाना पेनिसिलिन हाताशी होतं, म्हणजे चुकून संसर्ग झालाच तर उपाय होता.

आता गंमत बघा. सांध्यात औषध घालायचं तर आधी आतलं पाणी काढावं लागतं, नाहीतर औषध पातळ होतं. म्हणजे औषध आत जाण्यासाठी पाणी बाहेर येऊ लागलं. रोज, अनेक रुग्णांचं, एकाच दवाखान्यात. 1953 मध्ये बॉस्टनच्या मॅरियन रोप्स आणि वॉल्टर बॉअर यांनी सांध्यातल्या द्रवाच्या अभ्यासाचा मोठा ग्रंथच काढला. आणि 1961 चा स्फटिकांचा शोध हॉलंडर यांच्याच दवाखान्यातून आला, हा योगायोग नाही. जिथे सिरिंज सर्वांत जास्त भरत होत्या तिथेच कुणीतरी त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवला.

पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाऊटसारख्याच दिसणाऱ्या काही गुडघ्यांत वेगळे स्फटिक सापडले, कॅल्शियमचे. ‘छद्म-गाऊट’ हा वेगळा आजार तिथे जन्मला. आणि स्फटिकच दाह पेटवतात का, हे पाहायला फेअर्स आणि मॅकार्टी यांनी 1962 मध्ये युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत दोघांचेही गुडघे असह्य ठणकू लागले. विशेष म्हणजे स्फटिकांनी दाह होतो हे फ्रॉइडवायलर नावाच्या संशोधकाने 1899 मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं. ते विसरलं गेलं. ज्या ज्ञानाचा रोजच्या कामात उपयोग करायची सोय नसते, ते ग्रंथालयात असूनही नसल्यासारखं असतं.

परत मालवणला

आता हे सगळं आपल्या किनाऱ्यावर आणून बघू.

1968 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दास आणि सेन या दोन भारतीय डॉक्टरांचा एक लेख आला. विषय होता हत्तीरोगाशी, म्हणजे फायलेरियाशी, संबंधित गुडघ्याचा आजार. या गुडघ्यांतलं पाणी पिवळं नव्हतं, दुधी होतं. आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर काढलेल्या नारळाच्या रसासारखं. फायलेरियाचे कृमी लसीकावाहिन्यांत राहतात, वाहिन्या तुंबतात आणि चरबीचा दुधी द्रव भलतीकडे झिरपतो. कार्टर यांनी मुंबईत 1862 मध्ये लघवीबद्दल जे म्हटलं होतं तेच, फक्त आता गुडघ्यात. कृमीची पिल्लं दुधी लघवीत 1866 मध्ये ब्राझीलमध्ये वुखरर यांना दिसली, 1872 मध्ये कलकत्त्याला लुइस यांना रक्तात दिसली. गुडघ्यापर्यंत यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

महाराष्ट्रात हत्तीरोगग्रस्त म्हणून ज्या जिल्ह्यांची यादी आहे तिच्यात सिंधुदुर्ग आहे. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. या कार्यक्रमाचा नमुना कोणता? रात्रीच्या रक्ताचा थेंब. कृमीची पिल्लं रात्री रक्तात जास्त फिरतात, म्हणून कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोट टोचतात. रोगाची साथ मोजायला ते अगदी योग्य आहे. पण मग आपल्या नोंदींत काय उरतं? रक्त, सुजलेले पाय, वाढलेले अंडकोश. दुखरा गुडघा घेऊन आलेला खारवी किंवा भातलावणी करून आलेली बाई जाते ‘संधिवात’ या खान्यात. तिच्या गुडघ्यात सुई गेली नाही तर ते पाणी पिवळं होतं की दुधी, हा प्रश्न त्या खान्यात कधी पडतच नाही.

याचा अर्थ किनाऱ्यावरचे सगळे गुडघे फायलेरियाचे, असा मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. त्यांना शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जण हाडा-सांध्यांच्या दुखण्याचे आढळले, आमवाताचं प्रमाण मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं. म्हणजे ‘संधिवात’ या एका शब्दाखाली दुखणाऱ्यांची मोठी गर्दी असते आणि तिच्यात वेगवेगळे आजार शेजारी-शेजारी बसलेले असतात. भिगवणात निदान कुणीतरी दारात जाऊन विचारलं, तपासलं, वेगळं काढलं. जुन्या कागदांत ती सोय नसते.

तुम्ही हे कसं वापराल

समजा तुम्हाला या किनाऱ्यावरच्या आजारांचा इतिहास लिहायचाय. पहिली ठेच नावालाच लागेल. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीचं मालवण ‘रत्नागिरी’खाली शोधा आणि सावंतवाडी संस्थानचे कागद वेगळे धरा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1880 चा दहावा खंड या दोघांचा मिळून आहे, सुरुवात तिथून करा.

दुसरी ठेच जास्त खोल आहे. जुन्या दवाखान्याच्या अहवालात संधिवाताच्या रुग्णांचा आकडा मिळाला की हात शिवशिवतात, लगेच आलेख काढावासा वाटतो. थांबा. तीन प्रश्न विचारा. हे निदान कशावरून केलं: बघून, दाबून, की नमुना घेऊन? तो नमुना घेण्यात धोका किती होता आणि घेणाऱ्याला कारण काय होतं? आणि या पद्धतीत कोणता आजार दिसणं शक्यच नव्हतं?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नोंदीत नसलेली गोष्ट दोन कारणांनी नसते: ती घडली नाही म्हणून, किंवा ती दिसेल अशी खिडकीच नव्हती म्हणून. दोन्हींची कोरी जागा कागदावर सारखीच दिसते. वेगळी ओळखायची तर खिडकीचा इतिहास माहीत हवा. इथे ती खिडकी म्हणजे एक पोकळ सुई होती. तुमच्या विषयात ती जनगणनेचा एखादा रकाना असेल, न्यायालयाची भाषा असेल, नाहीतर फक्त पुरुषांनाच प्रश्न विचारणारा अधिकारी असेल.

आणि घरी कुणाचं ढोपर लाल, गरम होऊन अचानक सुजलं, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘पाणी काढलं की गुडघा सुकतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सांध्याचं अस्तर पाणी तयार करतच असतं. पाणी काढलं तर एवढंच विचारा: ‘तपासायला पाठवताय ना?’ शंभर वर्षं हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो विचारायला पीएचडी लागत नाही.